दुपारी तीन सातचा सूर्यास्त

१

बावीस नंबरच्या गल्लीत मंगळवारी दुपारी तीन वाजून सात मिनिटांनी रस्त्यावरचे दिवे लागले. ऊन इतकं कडक होतं, की दिवे लागलेत हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं. लक्षात आलं ते चौदा नंबरच्या खांबावरून माणूस खाली पडला म्हणून.

पडलेला माणूस आमच्या दिवाबत्ती खात्याचा सर्वांत जुना वायरमन. उंची सहा फूट दोन इंच, आणि खांद्यावर शिडी नसताना त्याला कोणी पाहिलं नव्हतं. सगळे त्याला शिडीकाका म्हणत. जुना पिवळा दिवा उतरवून तो नवा पांढरा, वीज वाचवणारा दिवा चढवत होता. शहरातले अठरा हजार दिवे असे बदलायचे होते. दिवसा गल्लीच्या तारेत वीज नसते. त्या दुपारी ती आली. शिडीकाकाच्या कमरेचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला, आणि तो बेशुद्ध झाला तो अजून शुद्धीवर आला नव्हता.

वीज आपोआप येत नाही, कोणीतरी सोडतं, असं संध्याकाळपर्यंत खात्यात ठरलं. कोणी सोडली हेही ठरलं. राहिली होती ती चौकशी. बुधवारी दुपारी बारा वाजता मोठ्या साहेबांनी मला बोलावून चौकशी अधिकारी नेमलं.

"पाच वाजता पोलीस येतायत," साहेब म्हणाले. "त्याआधी अहवाल हवा. त्यांच्या हातात नाव द्यायचंय."

"चौकशीत जे निघेल ते—"

"निघालेलं आहे. तुम्ही फक्त चौकशी करा."

त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. शेवटचा रकाना होता : 'दोषी व्यक्तीचे नाव (एकच)'. त्यात कोणीतरी पेन्सिलीने फिकट अक्षरांत 'कंट्रोल रूम ऑपरेटर' असं लिहून ठेवलं होतं. लहान मुलं अक्षरं गिरवतात तसं मी त्यावरून पेन फिरवायचं, एवढंच.

माझी निवड विचारपूर्वक झाली होती. मी तक्रार निवारण कक्षात आहे. नागरिक लिहितात, मी उत्तर देतो. एकोणीस वर्षांत मला चारच मजकूर पुरले आहेत : 'नोंद घेतली आहे', 'संबंधितांना कळवले आहे', 'निकाली काढण्यात आली आहे', आणि पत्राच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर 'हरकत नाही'. गुन्हेगार शोधण्याचा मला काडीचा अनुभव नाही; प्रकरण बंद करण्याचा दांडगा आहे.

"ऑपरेटर कोण आहे माहितीये ना?" मी उठताना साहेबांनी विचारलं.

"नाही."

"शिडीकाकाची सून."

२

कंट्रोल रूम तळघरात आहे. शहरातले सगळे दिवे जिथून पाहायचे त्या खोलीला एकही खिडकी नाही. दार लोखंडी, त्यात वहीच्या आकाराची जाड काच, आणि दाराखाली बोटभर फट. मी पाहुण्याचं कार्ड लावलं, हिरवा ठिपका पेटला, दार उघडलं.

स्क्रीनसमोर तिशीतली एक बाई बसली होती. शेजारी न उघडलेला डबा. मला पाहताच ती ताडकन उठली आणि ओरडली, "दार! दार धरून ठेवा!"

मी शिस्तीचा माणूस. आत आलो आणि दार व्यवस्थित लावून घेतलं.

ती मटकन खाली बसली. "सकाळी दहाला माझं कार्ड निलंबित केलं," ती म्हणाली. "या दारातून आत यायला कार्ड लागतं, बाहेर जायलाही लागतं. निलंबित केलं तेव्हा मी आत होते."

मी माझं कार्ड दाराला लावलं. लाल ठिपका.

"पाहुण्याचं कार्ड एकदाच चालतं," ती म्हणाली. "ते तुम्ही आत्ता वापरलंत."

मोबाइलला तळघरात रेंज नव्हती. टेबलावरच्या फोनवरून मी साहेबांना ही अडचण सांगितली. साहेबांना ती अडचण वाटली नाही.

"उघडेल ना दार. अहवाल आला की उघडेल. फटीतून सरकवा. तुमचा वेळही वाचेल, उगाच इकडेतिकडे फिरणं नको."

भिंतीवर आपत्कालीन लाल बटण होतं. ते दाबलं की दार उघडतं. खाली सूचना होती : 'आग नसताना बटण दाबणाऱ्याची चौकशी केली जाईल.' ती चौकशी कोणाकडे आली असती हे मला ठाऊक होतं.

मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो, फॉर्म काढला, चष्मा पुसला आणि पहिला प्रश्न काय विचारावा याचा विचार करू लागलो. ती माझ्याकडे पाहत राहिली, मी फॉर्मकडे. बराच वेळ गेला असावा.

आणि स्क्रीनसकट एकदम काळोख झाला. डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा.

३

"हात हलवा," अंधारातून ती शांतपणे म्हणाली.

मी हात हलवला. दिवा लागला.

"वीज वाचवणारी खोली आहे. चार मिनिटं कोणी हललं नाही, की खोलीला वाटतं इथे कोणी नाही. सवय होईल तुम्हाला. माझी सासू म्हणते, मी झोपेतही हात हलवते."

सासूचा विषय तिनेच काढला हे बरं झालं. काल संध्याकाळी त्याच सासूबाईंनी साहेबांना फोन करून सांगितलं होतं, की सून आणि सासरे यांच्यात तीन आठवडे अबोला आहे, आणि हिच्या मनात काय होतं ते देव जाणे. पेन्सिलीने लिहिलेलं नाव तिथून आलं होतं.

"भांडण कशावरून?" मी विचारलं.

"दिव्यावरून." ती हसली नाही. "गल्ल्यागल्ल्यांतले पिवळे दिवे बाबांनी स्वतःच्या हातांनी लावलेत. आता तेच उतरवायचे. बाहेर काही बोलता येत नाही, म्हणून घरात धुसफुस. त्यात मी स्वयंपाकघरातला पिवळा बल्ब काढून पांढरा लावला. बाबा जेवायला बसले, वर पाहिलं, म्हणाले, 'घराचा दवाखाना केला हिनं.' मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. म्हटलं, 'मग आता पथ्याचंच जेवा.' झालं. त्या दिवसापासून मीठ हवं असलं तरी सासूबाईंना सांगतात, 'तिला सांग, मीठ दे.' मी तिथेच बसलेली असते."

"आणि इथे? कामावर?"

"पद्धत अशी आहे. खांबावर चढण्याआधी वायरमननं या फोनवर सांगायचं, 'गल्ली बंद कर.' मी स्क्रीनवर त्या गल्लीला कुलूप लावते. मग आभाळ कोसळलं तरी तारेत वीज येत नाही."

"काल त्यांनी फोन केला?"

"साहेब, जो माणूस माझ्याकडे मीठ मागत नाही, तो गल्ली मागेल?"

तीन आठवडे शिडीकाका कुलपाशिवाय चढत होता. दिवसा तार मेलेलीच असते, मग सुनेची मिनतवारी कशाला. मी हात हलवला आणि साहेबांनी दिलेला कागद पुढे केला. नवे दिवे पुरवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने छापून दिलेली नोंद होती. गल्ली बावीस : १५.०७ चालू, १५.२९ बंद.

"ही वीज इथूनच सोडली असं ते म्हणतात. या खोलीत तुमच्याशिवाय कोणी नव्हतं."

तिने कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. मग खुर्ची गर्रकन स्क्रीनकडे वळवली.

"याला एक रकाना कमी आहे," ती म्हणाली. "मूळ नोंद या एकाच मशीनमध्ये असते. तिला तीन रकाने असतात. वेळ, चालू-बंद आणि कारण. इथून किंवा कंपनीच्या लॅपटॉपवरून वीज सोडली तर कारण येतं 'आदेश'. गल्लीतली विजेची पेटी उघडून हातानं सोडली तर 'पेटी उघडली'."

"आणि काल?"

तिने बोट स्क्रीनवर ठेवलं. मी वाकून वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं.

१५.०७ चालू. कारण : सूर्यास्त.

४

"ढग?" मी विचारलं.

"तेवीस नंबरच्या गल्लीत सूर्य होता. एकवीसमध्येही होता. फक्त बावीसमध्ये मावळला. आणि तीन एकोणतीसला पुन्हा उगवला."

मी कंपनीच्या इंजिनिअरला बोलावलं. तो वरच्या मजल्यावर पुढच्या आठवड्याच्या प्रात्यक्षिकाची तयारी करत होता. आला, काचेतून हसला, पण काचेतून आवाज येत नव्हता. दाराखालच्या फटीतून बोलायचं तर माणसाला ओणवं व्हावं लागतं, आणि ओणव्या माणसाला खोटं बोलणं फार वेळ झेपत नाही असं माझ्या त्या दुपारी लक्षात आलं.

"तिसरा रकाना कुठे गेला?" मी या बाजूने ओणवा होऊन विचारलं.

"कागदात मावला नाही, सर."

"कागद आडवा धरला असता तर?"

 मग तो म्हणाला, "सर, पुढच्या आठवड्यात सहा शहरांचे लोक बघायला येतायत. त्यांना काय सांगू? आमच्या यंत्रणेत दुपारी तीनला सूर्य मावळतो?"

"म्हणून रकाना काढला आणि ही बाई अडकली."

"मी कोणाचं नाव घेतलं नाही, सर. मी फक्त कारण काढलं. नाव तुमच्याच लोकांनी घातलं."

हे खरं होतं. रिकामी जागा दिसली की ती भरायची, हे आमच्या खात्याचं वळण आहे.

"यंत्रणेला सूर्यास्त कळतो कसा?"

"प्रत्येक गल्लीत एक डोळा असतो, सर. पहिल्या खांबावर. छोटी काचेची वाटी. उजेड कमी झाला की ती दिवे लावते, वाढला की बंद करते. एकदम शाश्वत."

"डोळा बिघडला असेल?"

"आज सकाळी तपासला. ठणठणीत आहे." त्याच्या आवाजात अभिमान होता. "त्याला काल अंधार दिसला, सर. खरोखरच दिसला."

तो गेला. मी गुडघे झटकत उठलो. सून स्क्रीनकडे पाहत होती.

"मला काल स्क्रीनवर बावीसची रेघ हिरवी झालेली दिसली होती," ती हळूच म्हणाली. "तीन सातला. मी लक्ष दिलं नाही. म्हटलं, कोणीतरी टोपी घातली असेल."

"कोणाला?"

"डोळ्याला. नवे दिवे लावले की ते लागतात का ते दिवसा कसं बघणार? आमचे लोक डोळ्यावर टोपी घालतात. डोळ्याला वाटतं रात्र झाली. दिवे लागतात. टोपी काढली की दिवस."

"असं कोण करतं?"

"सगळेच. पण टोपी मुकादमाची असते."

५

मुकादम आला तेव्हा साडेतीन झाले होते. काचेतून आधी टोपी दिसली, मग तो. हातात शिडीकाकाच्या सामानाची पिशवी होती. इस्पितळातून हत्यारं परत आणायला त्यालाच पाठवलं होतं.

"कसे आहेत बाबा?" सुनेने फटीशी वाकून विचारलं.

"डोळे उघडले नाहीत अजून, ताई. डॉक्टर म्हणतात, वाट बघा."

ती तशीच भिंतीला टेकून खाली बसली. मी चौकशी सुरू केली.

"मुकादम, काल शिडी कोणी धरली होती?"

"मी. घट्ट."

"पडले तेव्हाही?"

"म्हणजे काय साहेब, दोन्ही हातांनी."

"मग सहा फूट दोन इंचांचा माणूस तुमच्या अंगावर पडला असता. तुम्हाला खरचटलंही नाही."

 फटीच्या पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"समोरच्या दुकानाच्या सावलीत होतो," तो म्हणाला. "ऊन फार होतं साहेब. काकाच म्हणाला, जा, बस तिकडे, तुझ्या धरण्यानं शिडी जास्त हलते. कालपासून मला जेवण जात नाही. पोलिसांना सांगा, मुकादमानं शिडी सोडली. ते मी कबूल करतो."

"आणि टोपी? डोळ्यावर टोपी घातली होती?"

"आईशपथ नाही!"

"तुम्हीच घालता ना नेहमी?"

"घालतो. पण साहेब, डोळा कुठे असतो माहितीये का तुम्हाला? आधी खाली असायचा, पोरं दगड मारून फोडायची. मग वर नेला, पहिल्या मजल्याएवढा. टोपी घालायला शिडी लागते. बावीस नंबरच्या गल्लीत काल शिडी एकच होती." तो थांबला. "आणि तिच्यावर काका होता. तेरा खांब पुढे."

मी फॉर्मवर टाचणं करत बसलो. वीज आदेशाने आली नव्हती, म्हणजे सून नाही आणि इंजिनिअरही नाही. पेटी उघडली नव्हती. डोळ्यावर काहीतरी आलं होतं, बरोबर बावीस मिनिटं. शिडीशिवाय तिथे पोचणारं. पाखरू बावीस मिनिटं बसत नाही. पतंग अडकला तर तो आपण होऊन सुटत नाही.

दिवा गेला. मी हात हलवायच्या भानगडीत पडलो नाही. काळोखात विचार जरा बरा होतो. पण सून घाबरल्यासारखी दोन्ही हात हलवू लागली.

"नको साहेब," ती म्हणाली. "सकाळपासून एकटी होते. दिवा गेला की वाटतं, खोलीचं बरोबर आहे. इथे कोणी नाहीच."

मुकादमाने फटीतून एक कागद सरकवला. "सामानाची यादी आहे. सही करा म्हणजे मी सुटलो."

इस्पितळाच्या शिक्क्याखाली नर्सच्या अक्षरात लिहिलं होतं : पक्कड एक. स्क्रूड्रायव्हर दोन. टेस्टर एक. चष्मा एक, फुटलेला. चपला एक जोड. काळा पडदा एक, जाड, ओला.

मी यादी तिच्यापुढे धरली. "तुमच्या घरी काळा पडदा आहे?"

"नाही."

"काल पाऊस पडला?"

"काल? महिनाभर नाही पडला."

"मुकादम!" मी पुन्हा गुडघ्यांवर आलो. "हा ओला पडदा कोणाचा?"

"तो होय. कोपऱ्यावरच्या काकूंचा. इस्पितळाची गाडी येईना, काकाला उचलायचं कशात? काकूंनी वरून गॅलरीतून तो खाली टाकला. चौघांनी चार टोकं धरली आणि टेम्पोत घातलं. फार भली बाई, साहेब. ती नसती तर काका रस्त्यावरच गेला असता."

"ही गॅलरी कितव्या खांबाजवळ?"

"पहिल्या. खांब तिच्या गॅलरीला जवळजवळ चिकटूनच आहे."

६

कोपऱ्यावरच्या काकू माझ्या परिचयाच्या होत्या, म्हणजे अक्षराने. निळी शाई, ठसठशीत सही. पहिल्या खांबावर नवा दिवा लागल्यापासून त्यांनी मला एकतीस तक्रारी लिहिल्या होत्या. पांढरा उजेड थेट त्यांच्या उशीवर येत होता. चार वाजून गेले होते. मी त्यांचा नंबर फिरवला.

"दिवाबत्ती खातं?" काकू म्हणाल्या. "चमत्कार झाला म्हणायचा. एकतीस वेळा मी लिहिलं, आज तुम्ही स्वतःहून! कसा आहे तो बिचारा?"

"शुद्धीवर नाही अजून."

"अरेरे. मी किती वेळ फोन करत होते गाडीसाठी. वीस मिनिटं 'आपण रांगेत आहात', 'आपण रांगेत आहात'. शेवटी म्हटलं, मरो ती रांग, आणि हाताला लागला तो पडदा ओढून खाली टाकला."

"पडदा कुठे होता?"

"वाळत. गॅलरीच्या दांडीवर. आताच धुऊन टाकला होता. तीन पदरी आहे, घागरभर पाणी पितो. तुमच्या दिव्यामुळेच आणावा लागला ना मला! रात्रीचे डोळे मिटता येत नाहीत. पडदा लावला तेव्हापासून जरा झोप लागते."

सून माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. फोनमधला आवाज खोलीभर ऐकू येत होता. मी डोळे मिटले तर सगळं दिसत होतं : तीन वाजून सात मिनिटांनी एक म्हातारी बाई पाणी गळणारा जाड काळा पडदा दांडीवर पसरते. तो दांडीबाहेर लोंबतो, खांबावरच्या काचेच्या वाटीवर पडतो. वाटीला वाटतं रात्र झाली. तीन एकोणतीसला तोच पडदा माणसाला उचलायला खाली येतो आणि गल्लीत दिवस उजाडतो.

पांढऱ्या दिव्यामुळे पडदा आला, आणि पडद्यामुळे दिवा लागला. काकूंना यातलं काही माहीत नव्हतं.

"काकू," मी म्हणालो, "खांबावर, तुमच्या दांडीजवळ एक काचेची वाटी आहे—"

"तुमचा तो डोळा? अहो, त्याचंच तर विचारलं होतं मी. एकोणिसाव्या पत्रात. थांबा, प्रत आहे माझ्याकडे." कागदांची चाळवाचाळव झाली. "हं. 'आपला डोळा माझ्या कपड्यांच्या दांडीला लागून बसवला आहे. ओला कपडा त्यावर पडतो. अशाने काही अपाय तर होणार नाही ना? मी तिथे कपडे वाळत घालावेत की नाही?' सरळ प्रश्न आहे की नाही?"

"आहे."

"आणि तुमच्याकडून उत्तर आलं. मी जपून ठेवलंय, कारण एकतीस पत्रांत तेवढं एकच उत्तर माझ्या बाजूचं आहे. 'आपल्या गॅलरीत कपडे वाळत घालण्यास या कार्यालयाची हरकत नाही.' खाली सही." काकू थांबल्या. "सही काही लागत नाही बाई. नुसतं वेटोळं आहे. कोणाची आहे हो ही?"

मी फॉर्मकडे पाहिलं. चौकशी अधिकाऱ्याच्या सहीच्या जागी मी दुपारीच एक वेटोळं काढून ठेवलं होतं.

७

"पडदा मिळेल ना परत?" काकू विचारत होत्या. "घाई नाही. तो बरा होऊ दे आधी."

"पाठवतो," मी म्हणालो. "आणि काकू, डोळा दुसरीकडे हलवेपर्यंत त्या दांडीवर काही घालू नका."

"म्हणजे आता हरकत आहे?"

"आहे."

"हेच तर मी विचारत होते," काकू म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

पावणेपाच झाले होते. सून भिंतीशी उभी होती.

"माझंच नाव लिहा," ती म्हणाली.

"का?"

"मला स्क्रीनवर कामाच्या यादीत दिसत होतं, ते बावीसमध्ये आहेत. तीन आठवडे रोज दिसायचं, कुठे चढलेत ते. त्यांनी सांगितलं नसतं तरी मी कुलूप लावू शकले असते. एक बटण. मी मुद्दाम लावलं नाही. म्हटलं, गरज आहे तर बोलतील. एवढाच हट्ट होता माझा. मी वीज सोडली नाही साहेब, पण अडवलीही नाही."

"मुकादमानं शिडी सोडली," मी म्हणालो. "इंजिनिअरनं रकाना सोडला. शिडीकाकानं फोन करणं सोडलं. सगळ्यांनी थोडंथोडं सोडलंय. पण फॉर्मवर जागा एकाच नावाची आहे, आणि तुमचं त्यात बसत नाही."

"मग काकूंचं लिहिणार? त्यांना कळलं तर त्या जगायच्या नाहीत."

"काकूंनी विचारलं होतं. ज्यानं विचारलं त्याचा दोष कसा?"

मी खोडरबर मागितलं. तिच्याकडे नव्हतं. मग मी ते पेन्सिलीचं फिकट नाव थुंकी लावून बोटाने पुसलं. कागद थोडा काळा झाला. त्यावर मी माझं नाव लिहिलं, हुद्द्यासकट. कारणांच्या जागेत पडद्याची सगळी हकीकत लिहिली, एकोणिसाव्या पत्राचा क्रमांक आणि माझ्या उत्तराचा मजकूर जसाच्या तसा दिला, आणि मूळ नोंद या मशीनमध्ये असून तिला तीन रकाने आहेत हेही. एकोणीस वर्षांत मी चार ओळींपेक्षा मोठं काही लिहिलं नव्हतं. हात दुखला. तक्रार नाही.

तिने वाचलं.  आम्ही दोघं इतके स्तब्ध बसलो, की दिवा गेला.

त्या काळोखात टेबलावरचा फोन वाजला. तिने हात पुढे केला तसा दिवा लागला, आणि तिने फोन उचलला. आधी सासूबाईंचा आवाज आला, रडका आणि भराभर. मग काहीतरी हलवल्याची खुडबुड. मग एक खोल, खरखरीत श्वास. आणि पुरुषाचा आवाज, अगदी क्षीण, पण थेट तिच्याशी बोलणारा.

"सूनबाई. चौदा नंबरवर चढतोय. गल्ली बंद कर."

मला तिचा हात स्क्रीनकडे जाताना दिसला. तिने बावीस नंबरची गल्ली शोधली, बटण दाबलं, कुलपाचं चिन्ह उमटलेलं पाहिलं.

"केली, बाबा," ती म्हणाली. "कुलूप लावलं. आता चढा. सावकाश चढा."

मी अहवाल दाराखालून सरकवला. साहेब स्वतः आले होते. त्यांचे बूट दिसले. कागद उचलला गेला.  मग हिरवा ठिपका पेटला आणि दार उघडलं. सून डबा तिथेच टाकून माझ्या अंगावरूनच धावत सुटली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज वर वर जात नाहीसा झाला. मी उठून दाराकडे निघालो.

साहेब दारात उभे होते, हातात अहवाल, चेहरा अनुभवी.

"तुम्ही जरा थांबा," ते म्हणाले. "पोलीस आलेत. दोषी व्यक्तीला आवाराबाहेर जाऊ देता येत नाही. नियम आहे."

"मी कुठे पळतोय, साहेब?"

"प्रश्न तो नाही. दोषीचं कार्ड ताबडतोब निलंबित होतं. झालंसुद्धा." त्यांनी दार ओढून घेतलं. जाता जाता फटीतून त्यांचा आवाज आला, "आणि हो, त्या बाईचं कार्ड सुरू करायचं तर वेगळा अर्ज लागेल. तक्रार निवारण कक्षाकडे पाठवायला सांगा."

बूट गेले. मी सुनेच्या खुर्चीत बसलो. स्क्रीनवर अठरा हजार ठिपके होते. बाहेर खरोखरच संध्याकाळ होत असावी, कारण ते एकेक करून हिरवे होऊ लागले. एकवीस नंबरची गल्ली लागली. तेवीस लागली. मधली बावीस कुलपात होती, म्हणजे आज काकूंना पडद्याशिवाय झोप लागणार होती.

मी हात टेबलावर ठेवून बसून राहिलो. चार मिनिटं झाली. खोलीने पाहिलं, इथे कोणी हलत नाही, आणि दिवा बंद केला.

राहू दे म्हटलं. तेवढीच वीज वाचेल.